रसिकाच्या हातचं

"ताई, हात थोडे डावीकडे घ्या. चेहरा नको, चेहरा बाहेर ठेवा."

मी चेहरा बाहेर ठेवला. मान मागे ओढून, हनुवटी खांद्याला लावून उभी राहिले. माझ्या दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा पसरत चालला होता आणि चुलीवर पालथं घातलेलं खापर तापून तयार होतं. मांडा एकदा हातावर घेतला की थांबता येत नाही. या हातावरून त्या हातावर झेलत तो मोठा करायचा, कोपरापर्यंत आला की अलगद खापरावर सोडायचा. लक्ष हटलं की पुरणासकट चुलीत. आमच्या खानदेशात सुनेची परीक्षा व्हायची ती यावर, आणि ही बाई मला ते मान वळवून करायला सांगत होती.

"तर मैत्रिणींनो," फोन माझ्या हातांवर धरून रसिका गोड आवाजात म्हणाली, "बघा, मी आता मांडा हातावर घेतलाय. अजिबात घाबरायचं नाही."

मांडा मी घेतला होता. घाबरायचं तेही मीच.

रसिका माझी धाकटी जाऊ. सावद्याला आमचं फिरक्यांचं घर, दोघा भावांचा केळीचा व्यापार एकत्र आणि चूल एकच. रसिका नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. बोलता मात्र यायचं. समोरच्याला वाटावं आपण हिच्या घरातलेच आहोत, असं बोलायची. त्या बोलण्याच्या जोरावर तिनं फोनवर स्वतःचं पेज काढलं आणि त्याला नाव दिलं, 'रसिकाच्या हातचं'.

हात माझे होते. शूटिंगच्या आधी ती आपल्या बांगड्या उतरवून माझ्या हातात चढवायची, माझ्या नखांना तिच्या आवडीचा गुलाबी रंग लावायची. हात तिचे वाटावेत म्हणून. मला आधी गंमत वाटली. घरातल्या घरात एक खेळ, एवढंच समजत होते. मग हळूहळू हजारो बायका तो खेळ बघायला लागल्या आणि रसिका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्या कमेंट मोठ्यानं वाचायला लागली.

"'रसिका, तुझे हात म्हणजे अन्नपूर्णेचे हात.' ताई, ऐकलं का?"

"ऐकलं."

"आपल्या दोघींचं कौतुक आहे हं हे."

सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "पोरीनं नाव काढलं फिरक्यांचं."

मी वीस वर्षं त्या घरात मांडे करत होते. पंगतीच्या पंगती जेवून उठल्या, पण फिरक्यांचं नाव काही निघालं नव्हतं. ते निघालं रसिकाच्या तोंडून, माझ्या हातांनी. खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुणी तिची स्तुती केली की पोटात दुखायचं, आणि ती स्तुती माझ्या हातांची असली की दुप्पट दुखायचं. मत्सर वाईट म्हणतात. असेल. माझा मात्र कष्टाचा होता.

फोनमधलं मला काही कळत नाही, असं घरात सगळ्यांना वाटायचं. मीच तसं वाटू दिलं होतं. थोरल्या मुलानं पुण्याहून फोन आणून दिला तेव्हा मी म्हणाले, मला काय करायचंय, कीर्तन ऐकेन फार तर. प्रत्यक्षात दुपारी सासूबाई लवंडल्या की मी माझ्या खोलीत बसून त्यातला एकेक कोपरा शिकले. आणि एके दिवशी मी एक खातं उघडलं. नाव दिलं सुमन पाटील. फोटोच्या जागी अंगणातल्या जास्वंदीचं फूल.

सुमन पाटील स्पष्टवक्ती होती. तिनं पहिल्याच दिवशी लिहिलं, "हात फार सुरेख. बडबड कमी केली तर मांडा नीट दिसेल."

त्या संध्याकाळी रसिकानं ते वाचलं नाही, पण तिचा चेहरा उतरलेला होता. जेवताना न राहवून म्हणाली, "कोण आहे ही सुमन पाटील कोण जाणे. जळते मेली."

"असतात एकेक," सासूबाई म्हणाल्या.

"असतात बाई," मी म्हणाले आणि रसिकाच्या ताटात भरीत वाढलं.

मग सुमन पाटील नेमानं लिहायला लागली. हातांचं कौतुक करायची आणि रसिकाला एक चिमटा काढायची. ते लिहिण्यासाठी मला प्रत्येक व्हिडिओ नीट बघावा लागायचा. प्रत्येक कमेंट वाचावी लागायची, हातांबद्दल कोण काय म्हणतंय ते शोधायला. रसिकाच्या हजारो मैत्रिणींपैकी एकीनंही तिचं पेज इतकं बारकाईनं वाचलं नसेल.

त्यामुळे सुलभा मावशी पेजवर आल्या त्या दिवसापासून मला ठाऊक होत्या.

त्यांच्या फोटोच्या जागी समई होती. त्या रसिकाला 'बाळा' म्हणायच्या. रसिकाची आई ती शाळेत असतानाच गेली होती, हे तिनं एका व्हिडिओत सांगितलं होतं. त्यानंतर दोनच दिवसांनी सुलभा मावशींनी लिहिलं, "बाळा, मला मुलगी नाही. तू मला मावशी म्हण." रसिका म्हणायला लागली. मी तिच्या बाळंतपणात रात्ररात्र जागले, तिला डिंकाचे लाडू खाऊ घातले, आणि मी 'ताई' होते, कारण थोरल्या जावेला ताईच म्हणतात. ही न पाहिलेली बाई आठवड्याभरात मावशी झाली. मी तिच्यावरही जळायला लागले.

"मावशींनी आज काय लिहिलंय माहितीये?" रसिका सांगायची. "माझे हात बघून त्यांना त्यांच्या आईचे हात आठवले."

"असं?" मी म्हणायची आणि भांडी जरा जास्त आवाजात लावायची.

जळणारं माणूस दुसऱ्याचं बोलणं विसरत नाही. सुलभा मावशी पदार्थांबद्दल एक वाक्य लिहायच्या आणि बुंदीबद्दल दोन. बुंदी म्हणजे रसिकाची लेक. शाळेत तिचं नाव ईशिता, पण तिच्या जन्माची बातमी आली तेव्हा घरात बुंदी पाडत होतो, म्हणून ती बुंदी. पाच वर्षांची होत आली होती आणि व्हिडिओच्या शेवटी घास खाऊन "मस्त" म्हणायला रसिका तिला हमखास उभी करायची. मावशी विचारायच्या, बुंदी डब्यात काय नेते? तिला खोबऱ्याची वडी आवडते का? शाळा दुपारची की सकाळची? तो निळा गणवेश किती गोड दिसतो गं. रसिका सगळ्याला उत्तर द्यायची. प्रेमानं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं, असं तिला वाटायचं.

एकदा मावशींनी लिहिलं, "मी मूळची रावेरची. माहेरी मीही तव्यावर मांडे लाटायची."

मी ते तीनदा वाचलं. रावेर आमच्या शेजारचं गाव. तिथली बाई मांडे तव्यावर करत नाही आणि लाटत तर नाहीच नाही. मला आनंद झाला, लपवत नाही. मावशीबाई खोटारड्या निघाल्या होत्या. पण का खोटं बोलत असतील, याचा मी तेव्हा विचार केला नाही. मला वाटलं, असेल एखादी, आपल्यासारखीच दुसऱ्याच्या कौतुकात वाटा मागणारी.

त्याच सुमारास रसिकानं एक वेगळाच व्हिडिओ केला. त्यात स्वयंपाक नव्हता, म्हणून माझे हातही नव्हते. बुंदीला मांडीवर घेऊन ती सांगत होती, "आमच्या बुंदीला शाळेतून आणायला कधी बाबा जातात, कधी काका, कधी गोडाउनवरचं कुणी. मग आम्ही एक युक्ती केलीय. बारशाला आत्यानं बुंदीच्या कानात जे राशीचं नाव सांगितलं ना, ते बाहेर कुणालाच माहीत नाही. जो ते नाव सांगेल त्याच्याबरोबरच शाळा बुंदीला सोडते. आमचा पासवर्ड! आणि तो मी तुम्हाला सांगणार नाही हं."

युक्ती खरंच चांगली होती. दिराची होती, पण पेजवर रसिकाची झाली. माझ्या हातांचं झालं तसंच. बायकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. सुलभा मावशींनी लिहिलं, "किती हुशार गं माझी बाळं."

त्यानंतर दोन दिवसांनी सुमन पाटीलला एक खासगी मेसेज आला. सुलभा मावशींचा.

"सुमनताई, तुमच्या कमेंट मी नेहमी वाचते. खरं बोलणारं माणूस तिथं तुम्ही एकच. बाकी सगळ्या तिच्या पुढेपुढे करतात. तुम्ही तिच्या गावच्याच ना?"

मी पकडले गेले असं वाटलं. आणि त्याबरोबर बरंही वाटलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं. मी लिहिलं, "गावचीच समजा."

लगेच उत्तर आलं. "वाटलंच. मुलीचा पण केवढा देखावा करते. कुठल्या शाळेत घातलंय हो?"

मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलं, "दुपारी आणायला हीच जाते का गडीमाणूस?"

तिसऱ्या दिवशी आलं, "आपल्यासारख्यांना कोण विचारतंय म्हणा. पण अशांची एकदा जिरायला हवी. तुम्हालाही ती नकोशीच आहे ना?"

मी फोन पालथा घातला. रसिका मला नकोशी होती का? तिचं नाव नकोसं होतं, तिचे ते गुलाबी नखांचे कौतुकसोहळे नकोसे होते. पण 'आपल्यासारख्यांना' हा शब्द माझ्या अंगावर पालीसारखा पडला. मी माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी बसून जळत होते. ही कुठं बसून जळत होती? आणि हिला आमच्या पोरीची शाळा कशाला हवी होती?

मी पुन्हा पहिल्यापासून मावशींच्या सगळ्या कमेंट वाचल्या. यावेळी फक्त प्रश्न वाचले. गणवेश, शाळेची वेळ, आवडता खाऊ, घरचं नाव, आणायला कोण जातं. निळा गणवेश सावद्यात एकाच शाळेचा. एकेक प्रश्न साधा होता. सगळे ओळीनं वाचले की पोरगी डोळ्यांसमोर उभी राहत होती, बोट धरून घेऊन जावी अशी.

रसिकाला सांगायला हवं होतं, पण सांगणार कसं? मला फोनमधलं काही कळत नव्हतं. आणि मेसेज दाखवायचा तर तो सुमन पाटीलच्या नावावर आलेला होता.

दुसऱ्या दिवशी पीठ मळताना मी आडून सुरुवात केली.

"त्या तुझ्या मावशीला बुंदीचं फार सांगत जाऊ नकोस."

रसिकाचा हात थांबला. "का हो ताई?"

"ती रावेरची नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

तव्याचं सांगावं तर कुठं वाचलं, हा प्रश्न येणार होता. "माझं मन सांगतं," मी म्हणाले. माझ्याच कानांना ते लंगडं वाटलं.

"ताई, एक बोलू? राग मानू नका." रसिकाचा आवाज एकदम सपाट झाला. "माझं कुणी कौतुक केलं की तुमचा चेहरा कसा होतो, मला दिसतं. बाकीच्यांचं मी सोडून देते. पण आईच्या जागी एक माणूस मिळालंय मला. तेवढं तरी राहू द्या."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "हेमलता," त्या म्हणाल्या, "तू जळून राहिली पोरीवर. बरं नाही दिसत थोरल्या सुनेला."

जळत होते हे खरंच होतं. पण माणूस जळत असलं की त्याचं बाकीचं खरंही खोटं ठरतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी रागारागानं कणीक तिंबत राहिले. मनात म्हणाले, जाऊ दे, मला काय करायचंय.

बुंदीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मांडे करायचं ठरलं. बुंदी शाळेत गेली होती, दोघे भाऊ मळ्यात गाडी भरून घ्यायला गेले होते. रसिका माझ्या नखांना रंग लावत होती. तिची माझ्यावरची नाराजी गेली नव्हती, पण उद्याच्या व्हिडिओसाठी हात हवे होते.

सासूबाईंनी विचारलं, "उद्या देवळात काही करून राहिली का पोरीसाठी?"

"अहो, ते सांगायचंच राहिलं. सुलभा मावशी त्र्यंबकेश्वरला अभिषेक घालणार आहेत बुंदीच्या नावानं. दक्षिणासुद्धा घेणार नाहीत म्हणाल्या."

"देवमाणूस दिसते."

"हो ना. संकल्पाला राशीचं नाव आणि नक्षत्र लागतं म्हणाल्या. काल कळवलं मी."

"लागतंच," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या कामात घरचं नाव चालत नाही."

माझी बोटं रसिकाच्या हातात होती. मी विचारलं, "कुठलं नाव कळवलंस?"

"राशीचं. झेलम."

"ते नाव कशाचं आहे, रसिका?"

"म्हणजे?"

"शाळेत काय सांगून ठेवलंय आपण?"

तिच्या कपाळावर आठी पडली. तिला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "ताई, देवासाठी मागितलंय त्यांनी. तुम्ही परत सुरू करू नका."

"करू नको ना हेमलता," सासूबाई म्हणाल्या.

मी हात सोडवून घेतला. तो रंग अजून ओला होता. माझ्या खोलीत गेले, गादीखालचा फोन काढला. तिथून स्वयंपाकघरापर्यंत चार पावलं असतील, पण त्यात माझी वीस वर्षं होती. मी या घरातली मोठी सून, पंगतीला शेवटी बसणारी, कुणाला उलटून न बोलणारी. फोन पुढे केला की यातलं काही उरणार नव्हतं. पाहुण्यारावळ्यांत सांगितलं जाणार होतं की फिरक्यांची थोरली चोरून खोटं नाव घेऊन धाकटीला टोचत होती. मला लाज वाटली. पण त्याहून जास्त त्या बाईचा राग आला. जळायचा हक्क माझा होता. तिनं तो माझ्या पोरीपर्यंत पोचायला वापरला होता.

मी फोन रसिकाच्या हातात दिला. "वाच."

तिनं वर नाव पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत नाव पाहिलं.

"सुमन पाटील?" ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी. खाली वाच."

"तुम्ही सुमन पाटील?"

"हो गं बाई, मीच. मला नंतर काय बोलायचं ते बोल. आधी खाली वाच."

तिनं वाचलं. 'कुठल्या शाळेत घातलंय' वाचलं, 'आणायला हीच जाते का' वाचलं, 'जिरायला हवी' इथे येईपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि कुणी सांगत नव्हतं. रसिकानं शाळेचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"मॅडम, मी ईशिता फिरकेची मोठी आई बोलतेय. ईशिता वर्गात आहे ना?"

"निघतेच आहे," मॅडम म्हणाल्या. "तिची मावशी आलीय ना न्यायला. वाढदिवसाचे कपडे घ्यायचेत म्हणे. मी नाव विचारलं हं, झेलम, बरोबर सांगितलं त्यांनी. बूट घालतेय ती."

रसिकाला बहीण नव्हती.

"तिला मावशी नाही," मी म्हणाले. "तिचा हात धरा आणि आम्ही येईपर्यंत सोडू नका."

रसिकानं स्कूटर कशी चालवली, देवाला माहीत. मी मागे बसून तिच्या खांद्याला घट्ट धरलं होतं. पोचलो तेव्हा बुंदी मॅडमच्या मांडीवर बसली होती, एका पायात बूट, दुसरा हातात. मॅडम रडत होत्या. तोंडाला स्कार्फ बांधलेली बाई माझा फोन चालू असतानाच 'गाडीतली पिशवी आणते' म्हणून बाहेर पडली होती. फाटकाबाहेर गाडी वगैरे काही नव्हतं. खुर्चीवर खोबऱ्याच्या वड्यांचा एक डबा तेवढा राहिला होता.

रसिकानं पोरीला ओढून छातीशी धरलं. बुंदी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

"मोठी आई," ती म्हणाली, "त्या मावशीनं माझं कानातलं नाव बरोब्बर सांगितलं. मग तुम्ही का आलात?"

संध्याकाळपर्यंत सुलभा मावशींचं खातं नाहीसं झालं. समई गेली आणि पेजवरचे त्यांचे सगळे गोड प्रश्नही गेले. मेसेज राहिले ते रसिकाच्या आणि माझ्या फोनवर. घरी आलेले हवालदार लिहून घेत होते.

"सुमन पाटील कोण?" त्यांनी विचारलं.

"ही काय बसली," सासूबाई म्हणाल्या.

"मग जबाब कुठल्या नावानं लिहू?"

"हेमलता मुकुंद फिरके," मी म्हणाले. नवरा माझ्याकडे बघत होता. दीर जमिनीकडे.

ती बाई कोण होती, कशासाठी आली होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रसिकानं बुंदी दिसत होती ते सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि पेजला कुलूप लावलं, ओळखीच्या माणसांपुरतं ठेवलं. माझ्याशी ती बोलत नव्हती. घरातलं काम दोघी करायचो, मीठ-मसाला एकमेकींच्या हातात न देता ओट्यावर ठेवायचो.

एका सकाळी ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "'आवाज बंद करून पाहिला, फार छान वाटला.' हे तुम्हीच लिहिलं होतंत?"

"मीच."

"त्या दिवशी मी रडले होते."

"माहीत आहे. मीच तुला चहा करून दिला होता."

तिनं सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता फुटणार. "खरंच आवाज बंद करून बघायचात?"

"नाही. दोनदा बघायची. एकदा हात बघायला आणि एकदा तू काय सांगतेस ते ऐकायला."

"आणि एक लाइक नाही दिलंत कधी."

"नाही दिलं. अजूनही देणार नाही. हात माझे होते, रसिका."

तिनं सुरी परत उचलली, उरलेला कांदा चिरला. मग म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचं कितीदा ठरवलं मी. पण मग माझं काय राहिलं असतं? मला फक्त बोलता येतं. तुम्हाला मांडा येतो. सगळं घर, नातेवाईक तुमच्या हातचं मागतात. मी आल्यापासून तेच ऐकत आलेय."

म्हणजे तीही जळत होती. इतकी वर्षं एका चुलीपाशी, एकमेकींकडे पाठ करून. मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

बुंदी आता दहावीत आहे. सायकलवर जाते, तिला आणायला कुणी जात नाही, म्हणून पुढचं सांगायला आता हरकत नाही. त्या प्रकारानंतर शाळेनं नवा शब्द मागितला होता. तो ठरवायला रसिका, बुंदी आणि दीर दार लावून बसले. सासूबाई बाहेर फेऱ्या मारत होत्या. मला का नाही सांगत, मी काय परकी आहे का, असं दोनदा म्हणाल्या. त्यांना सांगितलं की अख्ख्या सावद्याला कळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग बुंदी धावत स्वयंपाकघरात आली. "मोठी आई, वाक. कानात सांगायचंय."

मी वाकले. तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला आणि गरम श्वासाबरोबर ते नाव माझ्या कानात सोडलं.

"सुमन पाटील."

मी ताठ झाले. दारात रसिका उभी होती, पदराला हात पुसत. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि हसूही नव्हतं.

"हे नाव तुम्ही कुणाला सांगणार नाही, ताई," ती म्हणाली. "एवढी खात्री मला दुसऱ्या कुणाची नाही."